फॉर्म कोणी भरला?



गुरुजींच्या स्मृतिदिनी वकिलाला बोलवावं आणि त्याने विम्याच्या कायद्यावर बोलावं, याचं काहींना नवल वाटलं असेल. हा विषय मला गुरुजींकडूनच मिळाला आहे. भाईंदरला नगरपरिषद आली १९८५ साली आणि मीरा-भाईंदर महापालिका झाली २००२ साली. मी सांगतोय ते त्याच्या आधीचं, रेल्वे फाटकापलीकडे मिठाचे ढीग दिसत तेव्हाचं. शाळा सुटल्यावर गुरुजींच्या ओटीवर माणसं येऊन बसत. कुणाची मनीऑर्डर, कुणाचा रेशनकार्डाचा अर्ज, कुणाचा एलआयसीचा प्रस्ताव. गुरुजी फॉर्म भरून देत. पण आधी एकेक ओळ मोठ्याने वाचत, तिचा अर्थ सांगत, समोरचा जे बोलेल तेच लिहीत आणि लिहिलेलं पुन्हा वाचून दाखवत. अंगठा किंवा सही सगळ्यात शेवटी. एकदा मिठागरावरचा एक माणूस म्हणाला, “गुरुजी, गाडी जाईल, तुम्हीच टाका ना काय ते.” गुरुजींनी पेनाला टोपण लावलं आणि म्हणाले, “मग उद्या या.” तो दुसऱ्या दिवशी आला.

मी तेव्हा दहा-बारा वर्षांचा होतो. त्या टोपणाचा अर्थ मला पुढे कितीतरी वर्षांनी, वकिली करताना कळला.

काही वर्षांपूर्वी भाईंदरच्या किनाऱ्यावरच्या उत्तन गावाकडच्या एक बाई माझ्याकडे आल्या. सुकी मासळी विकून घर चालवणाऱ्या. नवरा बोटीवर खलाशी होता, हृदयविकाराच्या झटक्याने गेला. त्याने जोखमीचा विमा काढला होता. पॉलिसीला चार वर्षं उलटून गेली होती, तरी कंपनीने दावा नाकारला. पत्रात कारण होतं: रक्तदाबावर उपचार चालू असल्याची माहिती दडवली. बाई म्हणाल्या, “साहेब, दडवली कुठे? एजंट आमच्या घरी चहा प्यायला बसला होता, तेव्हा ह्यांनी त्याच्यासमोरच गोळी घेतली.”

मी कागद मागवले. मूळ प्रस्तावात खोटं काहीच नव्हतं. तेव्हा रक्तदाब नव्हताच. घोटाळा पुढे झाला होता. हप्ता जूनमध्ये यायचा. १ जून ते ३१ जुलै या किनाऱ्यावर मासेमारीला बंदी असते, बोटी ओढून ठेवलेल्या असतात आणि घरात पैसा नसतो. सवलतीचा एक महिना असतो, तोही बंदीतच सरतो. एका वर्षी हप्ता चुकला आणि पॉलिसी बंद पडली. ऑगस्टमध्ये बोटी गेल्या, हातात पैसे आले, तेव्हा एजंटने ती पुन्हा चालू करून दिली. त्यासाठी प्रकृतीबद्दलचा एक नवा फॉर्म भरावा लागतो. तो कागद मी टेबलावर ठेवून बराच वेळ पाहत होतो. निळ्या शाईत, एकाच हाताने, एकाखाली एक लिहिलेली इंग्रजी ‘नो’ची रांग. खाली काळ्या शाईत, अक्षर जोडत जोडत केलेली मराठी सही. आणि त्याखाली छापील इंग्रजी ओळ: वरील मजकूर मला माझ्या भाषेत समजावून सांगण्यात आला आहे.

मंडळी, विम्याच्या कायद्याचं सार मला त्या एका पानावर दिसतं.

आपल्याकडे विमा नवा नाही. शब्द फारसीतून आला, पण व्यवहार या किनाऱ्याला जुनाच ओळखीचा. गलबतातून माल पाठवताना जोखमी हुंडी लिहीत. माल सुखरूप बंदराला लागला तरच हुंडीचे पैसे द्यायचे, गलबत बुडालं तर हुंडीही त्याच्याबरोबर बुडाली. त्या हुंडीत दोन माणसं एकमेकांच्या शब्दावर उभी असत. पैसे देणाऱ्याला गलबत दिसत नसे, तांडेल कसा आहे ते ठाऊक नसे. तो विश्वास ठेवत असे ते माल चढवणाऱ्याच्या सांगण्यावर.

विम्याचा करार इतर करारांपेक्षा वेगळा होतो तो इथे. बाजारात म्हैस घेताना घेणाऱ्याने तिचे दात बघायचे असतात. विक्रेत्याने आपणहून खोड सांगितली नाही म्हणून साधारणपणे सौदा मोडत नाही. विम्यात मात्र जोखमीची सगळी माहिती एकाच बाजूकडे असते. माझ्या छातीत दुखतं हे मला ठाऊक, कंपनीला नाही. म्हणून कायदा म्हणतो, विचारलेलं खरं सांगा आणि जोखमीचा अंदाज बदलेल असं काहीही झाकू नका. याला परम सद्भावाचं तत्त्व म्हणतात. या तत्त्वाचं मूळ म्हणून सगळे ज्या खटल्याकडे बोट दाखवतात तो १७६६ सालचा, इंग्लंडमधला, लॉर्ड मॅन्सफिल्ड यांच्यापुढचा. कार्टर विरुद्ध बोहम. आणि तो खटला चक्क एका किल्ल्याच्या विम्याचा आहे.

सुमात्रा बेटावर ईस्ट इंडिया कंपनीचा फोर्ट मार्लबरो नावाचा किल्ला होता. तिथल्या गव्हर्नराच्या वतीने लंडनमध्ये विमा उतरवला गेला: वर्षभरात परकीय शत्रूने किल्ला घेतला तर भरपाई. १७६० मध्ये फ्रेंचांनी तो घेतला. विमा देणारा म्हणाला, किल्ला कमकुवत आहे आणि फ्रेंच येण्याचा संभव आहे, हे मला सांगितलं नाही, करार रद्द.

आपण तर किल्ल्यांच्या मुलखातले. उत्तनजवळच्या चौक गावचा धारावी किल्ला १७३९ मध्ये मराठ्यांनी घेतला आणि त्याच वर्षी मे महिन्यात खाडीपलीकडची वसई चिमाजी अप्पांच्या हाती आली. समजा, त्या धामधुमीच्या वर्षात धारावीच्या पोर्तुगीज किल्लेदाराने गोव्यातल्या एखाद्या सावकाराकडे किल्ल्याचा विमा उतरवला असता. मराठ्यांची फौज साष्टीत उतरली आहे हे त्याने सांगायला हवं होतं का? ते तर गोव्यातल्या पोराटोरांनाही ठाऊक होतं. पण समुद्राकडच्या तटाला भगदाड पडलंय आणि दारूगोळा आठवडाभर पुरेल इतकाच आहे, हे एकट्या किल्लेदाराला ठाऊक. ते त्याने सांगायलाच हवं. जगजाहीर गोष्ट सांगण्याची सक्ती नाही. फक्त आपल्यालाच ठाऊक असलेली झाकायला परवानगी नाही. हा फरक पक्का लक्षात ठेवा.

आता त्या खटल्याचा निकाल. तो दाखवून लोकांचे दावे नाकारले जातात, म्हणून जिंकलं कोण ते मुद्दाम सांगतो. गव्हर्नर जिंकला. मॅन्सफिल्ड म्हणाले त्याचा मथितार्थ असा: असा किल्ला कितपत टिकतो, फ्रेंच काय करू शकतात, याचा अंदाज लंडनमध्ये बसलेल्या माणसालाही बांधता येत होता. त्याने काही न विचारता हप्ता घेतला. हप्ता घेताना गप्प राहायचं आणि पैसे द्यायची वेळ आली की तेच कारण पुढे करायचं, हे चालणार नाही. सद्भावाचं ओझं दोघांवर सारखं आहे, हे त्या पहिल्याच मोठ्या निकालात आहे. अडीचशे वर्षांत त्याचा अर्धा भाग आपल्याला पाठ करून देण्यात आला आणि अर्धा विसरला गेला, अशी माझी तक्रार आहे.

आपलं सर्वोच्च न्यायालय मात्र तो दुसरा अर्धा भाग विसरलेलं नाही. पहिला अर्धा भागही त्याने पाळला आहे: २००९ मध्ये त्याने मेडिक्लेमच्या एका खटल्यात कंपनीच्या बाजूने निकाल दिला. जुना मधुमेह आणि मूत्रपिंडाचा विकार झाकून पॉलिसी घेतली होती आणि माणूस मूत्रपिंडाच्याच विकाराने गेला होता. मला तो निकाल योग्य वाटतो. कारण दावा ज्यातून दिला जातो ती कंपनीची नव्हे, हजारो हप्तेकऱ्यांची तिजोरी असते. एकाने खोटं बोलून उचललेला पैसा खरं बोलणाऱ्यांच्या हप्त्यातून जातो. पण २०१५ मध्ये याच न्यायालयाने कंबरेच्या मणक्याचं दुखणं सांगितलं नाही म्हणून नाकारलेला दावा द्यायला लावला. माणूस हृदयविकाराने गेला होता आणि त्या दुखण्याचा मरणाशी काही संबंध नव्हता. २०२१ मध्ये अमेरिकेला निघालेल्या एका प्रवाशाचा खटला आला. इथे बसलेल्या किती जणांची मुलं तिकडे आहेत ते मला माहीत आहे, म्हणून सांगतो. त्या प्रवाशाने मधुमेह असल्याचं लिहिलं होतं, कंपनीने तपासणी करून पॉलिसी दिली, आणि सॅन फ्रान्सिस्कोला उतरताच त्याला झटका आला. कंपनी म्हणाली, कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांचं लिहिलं नाही. न्यायालय म्हणालं, मधुमेह आहे हे कळूनही तुम्ही जोखीम घेतलीत. आता मागे फिरता येणार नाही.

मग उत्तनच्या त्या खलाशाचं काय? १९३८ च्या विमा कायद्याचं ४५ वं कलम आपल्याला इथे भेटतं. २०१५ च्या दुरुस्तीनंतर हे कलम सांगतं की आयुर्विम्याच्या पॉलिसीला तीन वर्षं झाली की कोणत्याही कारणाने, अगदी फसवणुकीच्या कारणानेसुद्धा, तिच्यावर बोट ठेवता येणार नाही. आधी ही मुदत दोन वर्षांची होती, पण तेव्हा फसवणुकीला मुदत नव्हती. तुम्ही म्हणाल, पॉलिसी तर चार वर्षांची होती. खरं आहे. पण तीन वर्षं मोजायची ती पॉलिसी दिल्यापासून, जोखीम सुरू झाल्यापासून किंवा बंद पडलेली पुन्हा चालू केल्यापासून, यांतली जी तारीख शेवटची असेल तिच्यापासून. बंदीच्या त्या एका चुकलेल्या हप्त्याने घड्याळाचे काटे पुन्हा शून्यावर आणले होते. कोळीवाड्यांत विमा विकताना हप्त्याची तारीख जूनमध्ये का ठेवतात, हे मला आजवर कुणी समजावून दिलेलं नाही. नारळी पौर्णिमेनंतरची ठेवा. मागितली तर मिळू शकते.

त्याच कलमाच्या पोटात एक स्पष्टीकरण आहे. फार थोड्यांना ते ठाऊक आहे. जो माणूस विमा घ्यायला सांगतो आणि त्याची बोलणी करतो, तो करार होण्यापुरता विमा कंपनीचाच प्रतिनिधी मानला जाईल, असं कायदा म्हणतो. म्हणजे चहा पिताना एजंटने जे पाहिलं ते कंपनीने पाहिलं. मी हेच मांडलं. पण मांडणं वेगळं आणि शाबीत करणं वेगळं. एजंटने लेखी कळवलं की गोळीबद्दल मला काही सांगितलं गेलं नाही. ज्याने सांगितलं तो माणूस उरला नव्हता. ‘मला समजावून सांगितलं’ या ओळीखाली त्याचीच सही होती. आम्ही हरलो. भरलेले हप्ते तेवढे परत मिळाले, कारण फसवणूक शाबीत नसेल तर ते परत द्यावे लागतात. बाईंनी तो धनादेश उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, “एवढेच?”

एजंटांना मी सरसकट नावं ठेवत नाही. या शहराला बचत शिकवली ती त्यांनी, लोकलच्या गर्दीत डायरी सांभाळत दारोदार फिरून. पण एक सवय लागली आहे: “तुम्ही फक्त सही करा, बाकी मी बघतो.” हे वाक्य ऐकलं की मला गुरुजींचं टोपण आठवतं. आणि एजंटच्या हातात हप्त्याचा चेक दिला म्हणजे हप्ता भरला असंही नाही. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात एक प्रकरण गेलं. चेक एजंटकडे दिला होता, कंपनीत तो वेळेवर पोचला नाही, दरम्यान विमेदार अपघातात गेला. कुटुंबाला पॉलिसीचा लाभ मिळाला नाही. हप्ता स्वीकारण्याचा अधिकार एजंटला नव्हता. तसंच १९८४ चा एक निकाल: प्रस्ताव दिला, पहिला हप्ता भरला, आणि स्वीकृती येण्याआधीच माणूस गेला. न्यायालय म्हणालं, कंपनीचं मौन म्हणजे होकार नव्हे; करार झालेलाच नाही. पावती म्हणजे पॉलिसी नव्हे, हे घरी जाऊन सगळ्यांना सांगा.

दुसरं तत्त्व हितसंबंधाचं. ज्याच्या नुकसानीने तुमचं नुकसान होत नाही त्याचा विमा तुम्हाला काढता येत नाही. १८९८ सालचा आपल्याच मुंबई उच्च न्यायालयातला खटला वाचताना अंगावर काटा येतो. एका कारकुनाच्या बायकोच्या आयुष्याचा विमा निघाला, थोड्याच दिवसांत तो एका त्रयस्थ बाईच्या नावे करून देण्यात आला आणि पुढे लवकरच ती कारकुनाची बायको मरण पावली. न्यायालयाने ती पॉलिसी पैज ठरवली, आणि पैजेचा करार आपल्या १८७२ च्या करार कायद्याच्या ३० व्या कलमाने रद्द असतो. माणसाच्या मरणावर त्रयस्थाने पैसा लावायचा नाही, इतका साधा आणि इतका खोल नियम आहे हा.

तिसरं, आणि भाईंदर पूर्वेच्या गाळेवाल्यांनी कान देऊन ऐकावं असं: मालमत्तेचा विमा नुकसान भरून देतो, फायदा करून देत नाही. १८८३ च्या एका इंग्लिश खटल्यात घराच्या विक्रीचा करार झालेला असताना आग लागली. मालकाने विम्याचे पैसे घेतले आणि मग खरेदीदाराकडून पूर्ण किंमतही घेतली. न्यायालयाने विम्याची रक्कम परत करायला लावली. एकाच आगीचे दोनदा पैसे नाहीत. हे सगळ्यांना पटतं. पण याची दुसरी बाजू लोक विसरतात. स्टीलच्या भांड्यांचा एक गाळा घ्या. बँकेची कॅश क्रेडिट मर्यादा ३० लाख, म्हणून विमाही ३० लाखांचा. तो बँकेनेच काढलेला आणि मालकाने कधी उघडूनही न पाहिलेला. दिवाळीच्या आधी गाळ्यात माल असतो ६० लाखांचा. पॉलिश मशीनच्या बाजूला आग लागते आणि २० लाखांचा माल जातो. मालक म्हणतो, विमा ३० चा, नुकसान २० चं, म्हणजे २० मिळतील. सर्व्हेअर म्हणतो, निम्म्या मालाचा विमा तुम्ही उतरवलाच नव्हता. तेवढ्या भागाचे विमेदार तुम्ही स्वतः. हातात दहा लाख पडतात. मी भांडी तयार करणाऱ्या माणसांना या हिशेबापुढे सुन्न बसलेलं पाहिलं आहे. एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या भारत गृह रक्षा पॉलिसीत घरांसाठी ही कपात काढून टाकली आहे आणि छोट्या उद्योगांच्या पॉलिसीत पंधरा टक्क्यांपर्यंतची तूट माफ आहे. निम्म्याची नाही. सोसायटीच्या सेक्रेटरींनी आणि गाळेमालकांनी पॉलिसी कपाटातून बाहेर काढून आकडा बघावा, एवढी माझी कळकळीची विनंती आहे.

आपल्या जागेची खरी माहिती कंपनीलाही असते, हेही विसरू नका. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे तळघरातल्या दुकानाचं प्रकरण आलं. पॉलिसीत कलम होतं की तळघराला विमा लागू नाही. कंपनीने पाहणी करून, दुकान तळघरात आहे हे बघून हप्ता घेतला होता. आग लागल्यावर तेच कलम पुढे केलं. न्यायालयाने ते कलम मानलं नाही. मॅन्सफिल्ड पुन्हा बोलल्यासारखे वाटले मला.

नुकसानीच्या कारणाबद्दल थोडक्यात सांगतो. कारणांची साखळी असते तेव्हा वेळेने शेवटचं ते खरं कारण, असं नसतं. पहिल्या महायुद्धात इकारिया नावाच्या जहाजाला पाणतीराने भोक पाडलं; ते फ्रान्सच्या बंदरात आणलं, पण तिथे वाऱ्या-लाटांत आपटून बुडालं. ब्रिटिश न्यायालयाने १९१८ मध्ये ठरवलं की कारण पाणतीरच. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आपल्याकडेही गाड्या पाण्यात गेल्या. तेव्हापासून चालत आलेला वाद असा की इंजिन पुरामुळे गेलं, की पाण्यात उभी गाडी मालकाने सुरू करून पाहिली म्हणून. पाणी चढलं तर किल्ली फिरवू नका, फोटो काढा, गाडी ओढून न्या.

आता हक्कांचं. आयुर्विम्याची किंवा आरोग्य विम्याची पॉलिसी हातात आल्यापासून तीस दिवस तुम्ही ती वाचून परत करू शकता. आरोग्य विम्यात सलग पाच वर्षं झाली की माहिती दिली नाही या कारणाने दावा नाकारता येत नाही. फक्त शाबीत झालेली फसवणूक वगळून. पॉलिसीसोबत माहितीपत्रक द्यावं लागतं आणि ते मराठीत मागता येतं. दावा नाकारला तर वर्षभरात विमा लोकपालांकडे जाता येतं, पन्नास लाखांपर्यंत, फी नाही, वकील लागत नाही. वकील असून हे सांगतोय. पण हे सगळे उपाय आग लागल्यानंतरचे बंब आहेत, आणि माझा जीव अडकला आहे तो फॉर्म भरण्याच्या त्या वीस मिनिटांत. एजंटने लिहिलं तरी चालेल, शाई तुमच्या उत्तराची असू द्या. गोळी घेत असाल तर गोळीचं नाव लिहा. भरलेल्या फॉर्मचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. हप्ता वाढेल म्हणून लपवू नका.

गेल्या वर्षी त्या बाई पुन्हा आल्या. मुलगा आता बोटीवर जातो, त्याच्या विम्याचा फॉर्म घेऊन. मला वाटलं, माझ्याकडून भरून घ्यायचा असेल. त्यांनी तो मराठीतच मागून घेतला होता आणि घरी बसून मुलाकडून भरूनही घेतला होता. फक्त एक चौकट रिकामी होती: आईवडिलांना असलेले आजार. ती माझ्यासमोर भरायची होती त्यांना. मुलगा हळूच म्हणाला, “आई, एजंट बोलला, हे लिहिलं तर हप्ता वाढेल.” त्यांनी त्याच्या हातातलं पेन घेतलं आणि स्वतः, एकेक अक्षर जोडत लिहिलं: वडील, बीपी, रोज सकाळी एक गोळी. मग कागद माझ्याकडे सरकवून म्हणाल्या, “वाचून दाखवा, साहेब. मोठ्याने.”